तीन ठोक्यांची मोटार

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं सेब्रिंग हे गाव बारा तासांच्या मोटारशर्यतीसाठी जगभर ओळखलं जातं. याच गावात १९७४ साली एक मोटार तयार व्हायला लागली, जिला शर्यतीशी काहीच देणंघेणं नव्हतं. लाकूड फोडायच्या पाचरीसारखा आकार, जेमतेम अडीच मीटर लांबी, आत दोन माणसं बसतील एवढी जागा आणि अंगावर प्लॅस्टिकचा पत्रा. नाव होतं सिटीकार. आदल्याच वर्षी, म्हणजे १९७३च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेल रोखलं होतं आणि अमेरिकेत पेट्रोलपंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. रॉबर्ट ब्यूमाँट नावाच्या, एकेकाळी क्रायस्लर गाड्या विकणाऱ्या गृहस्थांनी ती वेळ साधली. गोल्फच्या मैदानावर फिरते ती बॅटरीची गाडी थोडी दणकट करून रस्त्यावर आणायची, एवढीच त्यामागची कल्पना.

पुढे कंपन्या बदलल्या, नावं बदलली, पण १९८२पर्यंत या घराण्याच्या मिळून ४,४४४ गाड्या निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच भंगारात गेल्या, काही मात्र अजून चालतात. पन्नास वर्षांपूर्वीची बॅटरीची गाडी अजून कशी चालते, आणि तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असलेली गाडी एका छोट्या सर्किटबोर्डापायी दारात का पडून राहते, याची ही गोष्ट आहे.

सिटीकारच्या सीटखाली सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या असायच्या. एकूण ४८ व्होल्ट. (अगदी सुरुवातीच्या गाड्यांत सहाच होत्या.) मोटार साडेतीन हॉर्सपॉवरची, म्हणजे आपल्याकडे विहिरीवर बसवतात त्या पंपाएवढी समजा. आता प्रश्न असा, की बॅटरी सरळ मोटारीला जोडली तर गाडी धक्का देऊन सुटेल. वेग हळूहळू वाढवायचा कसा? सिटीकारचं उत्तर अगदी साधं होतं. पाय दाबला की पॅडलखालचे स्विच एकामागून एक दाबले जात आणि प्रत्येक स्विच एकेक मोठा कॉन्टॅक्टर ओढून घेई. कॉन्टॅक्टर म्हणजे विजेच्या चुंबकानं बंद होणारा जाड तांब्याचा स्विच. पहिल्या पायरीला आठ बॅटऱ्यांचे चार-चारचे दोन गट समांतर जोडलेले, म्हणजे २४ व्होल्ट, आणि तेही मध्ये एक रोधक घालून. दुसऱ्या पायरीला रोधक बाजूला. तिसऱ्या पायरीला दोन्ही गट एकापुढे एक, म्हणजे पूर्ण ४८ व्होल्ट. प्रत्येक पायरीला सीटखालून ठक्क असा आवाज येई. तीन ठोके आणि गाडी पूर्ण वेगात. तो वेग म्हणजे ताशी साधारण साठ किलोमीटर.

ही युक्ती ब्यूमाँट यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती ट्रामच्या काळातली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि १९६४च्या ३१ मार्चला बंद झाली. त्या ट्रामचा चालक उभ्या डब्यावरची दांडी खटक्या-खटक्यानं फिरवायचा तेव्हा हेच घडत असे: रोधक आत, रोधक बाहेर, मोटारी आधी एकापुढे एक, मग समांतर. ज्यांनी ती ट्राम पाहिली आहे त्यांना सिटीकारचं सर्किट वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

या गाडीचे आजारही ट्रामच्या घराण्यातलेच. घरातली वीज एसी असते; ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज डीसी. तिला शून्य माहीत नाही. कॉन्टॅक्टर उघडताना दोन टोकांमध्ये जी ज्वाळा ताणली जाते ती तांबं खाते, चांदीचा मुलामा खाते, आणि काही महिन्यांत स्पर्शाच्या जागी खड्डे पडतात. मग गाडी कधी दुसऱ्या ठोक्याला अडखळते, तर कधी तिसरा ठोका ऐकू येतो पण वेग वाढत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला कान पुरतो. ठोका ऐकू आला पण गाडी ढिम्म, तर दोष जाड तारेच्या बाजूला: खड्डे पडलेलं तोंड, ढिला झालेला लग, आम्लानं खाल्लेली तार. ठोकाच नाही, तर दोष बारीक तारेच्या बाजूला: पॅडलखालचा छोटा स्विच, चुंबकाची कॉइल किंवा उडालेला फ्यूज. एक टेस्ट लॅम्प आणि एक पाना, एवढ्यावर निदान व्हायचं.

म्हणूनच जुन्या गाड्यांचे शौकीन हमखास म्हणतात, ‘तेच बरं होतं, सगळं डोळ्यांना दिसायचं.’ मला हे अर्धंच पटतं. कारण दिसणाऱ्या दोषांत एक भयंकर दोषही होता. ठिणगीनं वितळलेलं तांबं कधीकधी थंड होताना एकमेकांना चिकटून बसतं. कॉन्टॅक्टर चिकटला की पॅडलवरचा पाय काढला तरी मोटार चालूच! शिवाय ज्या रचनेत बॅटऱ्यांचे गट कधी समांतर तर कधी एकापुढे एक जोडले जातात, तिथे एक कॉन्टॅक्टर चिकटलेला असताना दुसरा बंद झाला तर बॅटरी स्वतःवरच शॉर्ट होऊ शकते. आणि गर्दीत पहिल्या ठोक्यावर रेंगाळत राहावं, तर तो रोधक तापून लाल होई. प्लॅस्टिकच्या गाडीत, बॅटऱ्यांच्या शेजारी.

यावर इलाज इलेक्ट्रॉनिक्सनं आणला. आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. पूर्वी पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे भिंतीवरचा मोठा ठोकळा असायचा आणि पंखा हळू ठेवला की तो गरम लागायचा. नंतर काडेपेटीएवढा रेग्युलेटर आला, जो वीज जाळत नाही, तिचे तुकडे करतो. गाडीतही तेच. बॅटरी आणि मोटार यांच्यामध्ये असा स्विच ठेवायचा, जो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उघडतो आणि मिटतो. जास्त वेळ मिटलेला ठेवला तर वेग जास्त, कमी ठेवला तर कमी. याला चॉपर म्हणतात. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं थायरिस्टर बाजारात आणला आणि असा स्विच करता येऊ लागला. पण थायरिस्टरला एक खोड आहे. तो चालू करायला टिचकी पुरते. बंद करायला मात्र डीसीमध्ये दुसरा थायरिस्टर आणि एक मोठा कपॅसिटर लावून त्याला जबरदस्तीनं झोपवावं लागतं. तो कपॅसिटर म्हातारा झाला की झोपवणं जमत नाही आणि मोटारीला पूर्ण वीज जात राहते. म्हणजे कॉन्टॅक्टर चिकटण्याचंच दुखणं, फक्त नव्या कपड्यांत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पॉवर मॉसफेट आले, ते सांगितल्याबरोबर बंद होतात. मग या छोट्या गाड्यांचे कंट्रोलर बघता बघता वहीएवढे झाले. गोल्फच्या गाड्या, मालाच्या फोर्कलिफ्ट आणि मालकांनी बदल करून घेतलेल्या कित्येक सिटीकार यांत अमेरिकेच्या कर्टिस कंपनीची काळी, पंख असलेली ॲल्युमिनियमची पेटी दिसू लागली. ठोके गेले, त्यांच्या जागी एक बारीक शीळ आली.

या पेटीतला बिघाड काढायचा तर आधी पेटी सोडून सगळं तपासावं, असं अनुभवी माणूस सांगतो, आणि ते खरं आहे. गाडी सुरूच होत नाही म्हणून कंट्रोलर बदलला जातो आणि दोष असतो पॅडलच्या पोटेन्शिओमीटरमध्ये, पाच-पन्नास रुपयांच्या भागात. त्याची कार्बनची पट्टी झिजली की पाय वर असूनही कंट्रोलरला पॅडल दाबलेलंच वाटतं. आणि किल्ली फिरवताना पॅडल दाबलेलं असेल तर गाडी सोडायची नाही, असं त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. दुसरं ठिकाण म्हणजे कॉन्टॅक्टरच्या टोकांवर लावलेला किरकोळ दिसणारा रोधक. कंट्रोलरच्या पोटातले कपॅसिटर रिकामे असताना एकदम बॅटरी जोडली तर क्षणभर प्रचंड प्रवाह धावतो. तो रोधक ते आधी हळूहळू भरून ठेवतो. तो जळला तरी गाडी चालते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. सहा महिन्यांनी कॉन्टॅक्टर चिकटतो आणि मग शिव्या कॉन्टॅक्टरला!

पेटी उघडलीच तर आत मॉसफेटची रांग असते, खांद्याला खांदा लावून एकच ओझं उचलणारी. त्यातला एक शॉर्ट झाला की बाकीच्यांना घेऊन जातो. म्हणून गेलेला एकच बदलून चालत नाही; सगळी रांग बदलावी लागते, शक्यतो एकाच खेपेतल्या मालानं, आणि त्यांना हुकूम देणारे बारीक रोधकही तपासावे लागतात. पहिल्यांदा वीज देताना आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियनची जुनी सवय उपयोगी पडते: मध्ये सिरीज लॅम्प लावायचा. बल्ब भगभगीत पेटला तर आत अजून शॉर्ट आहे, आणि नवे मॉसफेट वाचले. चाकं जमिनीवरून उचललेली हवीत, हातातली अंगठी काढलेली हवी. ४८ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण तेवढ्याच बॅटरीवर पाना आडवा पडला तर तो वितळतो.

ब्रिटनमध्ये १९८५च्या जानेवारीत क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी आणलेली सी-५ ही तीनचाकी याच सुमाराची. ३९९ पौंड किंमत, वेल्समधल्या हूव्हरच्या कारखान्यात जुळणी, त्यामुळे आत कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार आहे ही खोटी अफवा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये उत्पादन थांबलं. तिला वेगनियंत्रण नव्हतंच: बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद.

आपल्या देशातली गोष्ट बंगळूरची. तिथल्या मैनी उद्योगसमूहानं कॅलिफोर्नियातल्या कंपनीबरोबर १९९४ साली काम सुरू केलं आणि २००१ साली रेवा रस्त्यावर आली. चेतन मैनी यांनी विद्यार्थी असताना मिशिगन विद्यापीठाच्या सौरमोटारीवर काम केलं होतं. आकडे पाहिले तर रेवा ही सिटीकारची धाकटी बहीण वाटते: लांबी अडीच मीटरच्या थोडी वर, सीटखाली सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, एकूण ४८ व्होल्ट. पण मध्ये पंचवीस वर्षं गेली होती. रेवामध्ये मोटारीचा कंट्रोलर होताच, शिवाय बॅटऱ्यांवर नजर ठेवणारा एक छोटा संगणक होता. चार्जिंग किती, तापमान किती, अजून किती किलोमीटर जाता येईल, ब्रेक लावताना किती वीज परत घ्यायची, याचा हिशेब तो करी. २००४पासून ही गाडी लंडनमध्ये ‘जी-विझ’ नावानं विकली गेली. तिथे शहरात शिरायचा कर तिला माफ होता.

रेवाच्या मालकांच्या तक्रारींत ‘कंट्रोलर गेला’ हे वाक्य वारंवार येई. पुष्कळदा गेलेली असे आठांतली एक बॅटरी. शिशाच्या बॅटऱ्या रांगेत जोडल्या की सगळ्यांत अशक्त असेल तिच्या चालीनं सगळ्यांना चालावं लागतं. गाडी उभी असताना मीटर लावला तर आठही बॅटऱ्या साळसूदपणे सव्वासहा-साडेसहा व्होल्ट दाखवतात. चढावर पाय दाबून मोजलं तर एक एकदम चारवर कोसळते. व्होल्टेज पडलं म्हणून कंट्रोलर जोर काढून घेतो, म्हणजे आपलं काम चोख करतो, आणि दोषी ठरतो.

खरोखर संगणकाचा बोर्ड गेला तर मात्र वेगळी कथा. २०१० साली मुंबईच्या महिंद्रनं रेवा कंपनीतला मोठा हिस्सा घेतला, २०१३ साली ‘ई-टू-ओ’ ही नवी गाडी आली आणि जुनी थांबली. सिटीकारचा कॉन्टॅक्टर मेला तर फोर्कलिफ्टचा लावता येतो, कारण तांब्याला कोणाची गाडी ते कळत नाही. रेवाचा बोर्ड दुसऱ्या कुठल्याच गाडीत नसतो. त्यातले रोधक-कपॅसिटर बाजारात मिळतात, पण त्याच्या चिपमध्ये लिहिलेला हिशेब मिळत नाही. काहींनी शिशाच्या बॅटऱ्या काढून लिथियमच्या बसवल्या. जुना हिशेब शिशाच्या मोजमापांनी लिहिलेला. लिथियम किती भरली आणि किती उरली हे त्याला ओळखता येत नाही. मग तो संगणक बाजूला सारून नुसता मोटारीचा कंट्रोलर चालवायचा, आणि बॅटरीवर नजर ठेवायला वेगळा बोर्ड बसवायचा.

जे गाडी मूळ रूपात जपू पाहतात, ते बिघडलेला बोर्ड फेकत नाहीत. एकाची पॉवरची बाजू जळालेली असते, दुसऱ्याची चिप. दोन मेलेल्या बोर्डांतून एक चालता होतो. पण इथे घड्याळही चालू आहे. या काळातल्या मेमरी चिपमध्ये मजकूर म्हणजे कोंडून ठेवलेला सूक्ष्म विद्युतभार. तो वर्षानुवर्षं थेंबाथेंबानं गळतो. अशा चिप बनवणाऱ्या कंपन्या साधारण दहा ते वीस वर्षांचीच हमी देत. प्रत्यक्षात चिप त्याहून जास्त टिकते, थंड जागी आणखी जास्त, पण सीटखालच्या उकाड्यात कमी. म्हणून जाणते कारागीर चालत्या गाडीचीच चिप काढून आधी वाचून घेतात, तिची नक्कल करून ठेवतात आणि मग परत बसवतात. चिपला कुलूप घातलेलं असेल तर तेही जमत नाही.