गारद देताना

यंदाच्या शिवराज्याभिषेक सोहळ्यात आमच्या भिवंडीच्या पथकाने माझ्याकडे चोपदाराचं काम दिलंय. घोडा नाही, तलवार नाही, संवादही नाहीत. हातात चांदीच्या पत्र्याने मढवलेली काठी आणि महाराज दरबारात येताना द्यायची गारद, बस्स. पण आपण पडलो सॉफ्टवेअरवाले, आधी डॉक्युमेंटेशन वाचायची खोड. तेव्हा गेले काही वीकांत हेच चाललंय.

पहिली गंमत नावातच. 'चोपदार' हा फारसी चोबदार. चोब म्हणजे काठी. शेजारच्या 'भालदारा'चा भाला आपला, पण 'दार' फारसी. 'मुजरा' अरबी. आणि खुद्द 'गारद' हा शब्द इंग्रजी 'गार्ड'च्या घराण्यातला, पेशवाईतले गारदी त्याच कुळातले. आता या काठीवाल्याच्या तोंडी काय येतं? प्रौढप्रतापपुरंदर, क्षत्रियकुलावतंस, सिंहासनाधीश्वर. अस्सल संस्कृत! यात विसंगती नाही. महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राजव्यवहारकोश' रघुनाथपंत हणमंत्यांकडे सोपवला तो काळ हाच. दरबाराची रीत त्या काळच्या सगळ्या दरबारांची होती, तिच्यात भरलेला अर्थ नवा होता.

दुसरी गोष्ट, आपण ऐकतो ती लांबलचक बिरुदावली आणि राज्याभिषेकानंतरच्या पत्रांचा मथळा एक नाही. पत्रांवर 'राज्याभिषेक शक' घालून 'क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शिवछत्रपती' एवढंच येतं. ना गडपती, ना गजअश्वपती. ६ जून १६७४ ला रायगडावर जे नव्याने सिद्ध झालं ते या मोजक्या शब्दांत मावलंय. अवतंस म्हणजे कानातलं किंवा मस्तकावरचं भूषण. ज्याच्या क्षत्रियत्वावरच शंका घेतली गेली, त्याने पत्राच्या माथ्यावर नावाआधी हा शब्द ठेवला. हे कळल्यावर तो शब्द मी घाईत उरकू शकत नाही.

शिकवणारे काका पथकातले जुने. त्यांचा नियम एकच, 'आधी फोड, मग जोड.' म्हणजे प्रौढ-प्रताप-पुरंदर असं तोडून अर्थ समजून घ्यायचा, मग एका श्वासात जोडायचा. श्वास पोटातून, आणि तो शब्दाच्या मध्ये तुटता कामा नये. हातमागाचं नि यंत्रमागाचं आमचं गाव, खडखडाटावरून बोलायची सवय सगळ्यांनाच. मी आपला मोठ्याने सुरू करायचो. काका म्हणाले, "अरे बाळा, मोठ्याने नको, लांब पोचव." फरक मोठा आहे. रायगडावर सिंहासनाच्या जागी बोललेलं दूर नगारखान्याच्या दाराशी ऐकू येतं, ती किमया बांधकामाची. आमच्या मैदानात ती छातीतून आणावी लागते.

पण आवाज पोचवायचा कशाला? इथे मला सगळ्यात चांगलं उत्तर वारीत मिळालं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाज आरतीला दिंड्या जमतात. टाळांचा गजर टिपेला असतो. चोपदार काठी उंचावतो आणि हजारो माणसं क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, म्हणजे चोपदाराने तिकडे जायचं. तक्रार ऐकायची, निकाल लावायचा. मग हरवलं-सापडलं पुकारायचं. मुंबई उच्च न्यायालयातही न्यायमूर्तींच्या पुढे चोपदार चालतो. युरोपात हेच काम करणारे पुढे कुळांच्या मानचिन्हांचे हिशेबनीस झाले, लंडनचं त्यांचं कार्यालय १४८४ पासूनचं. आपल्याकडे मात्र काठी राहिली ती लोकांना सावध करण्यासाठी. गारद म्हणजे जमावाला दिलेली सूचना: सावध व्हा, शांत व्हा, आता न्याय देणारा येतोय. आमच्या भाषेत सांगायचं तर हॅण्डशेक. तो झाल्याशिवाय पुढचं बोलणं सुरूच होत नाही.

आता हे भिवंडीत का महत्त्वाचं, ते सांगतो. या गावाचं महाराजांशी नातं १६५७ पासूनचं. कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि १६५९ च्या एका पोर्तुगीज पत्रात, भिवंडी, कल्याण, पनवेलला शहाजीचा मुलगा लढाऊ जहाजं बांधतोय, अशी काळजी नोंदलेली आहे. आरमाराचं बाळसं इथल्या खाडीत धरलं गेलं. पण भिवंडी म्हटलं की बाहेरच्यांना आठवतं ते ७ मे १९७०. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. मिरवणुकीचा मार्ग, गुलाल, घोषणा यांवरून तणाव आधीपासूनच होता. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची चौकशी केली. १९८४ ला पुन्हा तेच. मग पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसवली, आणि १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

म्हणजे या गावात महाराजांच्या नावाने आवाज चढवणं ही साधी गोष्ट नाही. घोषणा जमावाला पेटवू शकते. गारद जमावाला थांबवते. शब्द तेच असले तरी ती कुणाकडे तोंड करून दिली यावर सगळं ठरतं. घोषणा देणारा समोरच्या वस्तीकडे बघतो. चोपदार सिंहासनाकडे बघतो आणि पाठीमागच्यांना आवरतो.

म्हणून तालमीत मी एक आग्रह धरला आणि काकांनी तो मान्य केला. आधी काठी तीन वेळा जमिनीवर, मग दोन क्षण पूर्ण शांतता. ढोल बंद, मोबाईलचे फ्लॅशही बंद. त्यानंतरच पहिला शब्द. आणि शेवटच्या जयकारानंतर काठी खाली येईपर्यंत कुणी हलायचं नाही. पथकातली पोरं म्हणतात, त्या दोन क्षणांत काटा येतो अंगावर. येऊ दे की!

आता क्षत्रियकुलावतंसमधला श्वास अजून पक्का करायचाय. शेजाऱ्यांनो, आणखी थोडे दिवस सहन करा.