स्कॉटलंडच्या दऱ्या रिकाम्या का?

एडिनबरोहून रोज सकाळी सहलीच्या बसेस सुटतात. ग्लेनको, लॉक नेस, एखादा किल्ला दाखवून रात्री परत आणतात. 'लॉक' म्हणजे तळं, 'ग्लेन' म्हणजे दरी. दोन्ही शब्द मुळात गेलिक भाषेतले. खिडकीतून मैलोन्‌मैल डोंगर दिसतात, पण घर क्वचितच दिसतं. आपण म्हणतो, काय हा निसर्ग! आज आपल्याला एवढंच तपासायचं आहे, की हे रिकामेपण खरोखर निसर्गाचं आहे का?

आधी रस्ता घेऊ. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळावी म्हणून 1715 मध्ये इथे उठाव झाला. पुढे 1725 पासून जनरल वेड याने सुमारे 400 किलोमीटरचे रस्ते बांधले, ते फौजेसाठी. आजचे काही रस्ते त्याच वाटांवरून जातात.

ग्लेनकोमध्ये बस थांबते, सगळे फोटो काढतात. इथल्या मॅकडोनाल्ड प्रमुखाला राजनिष्ठेची शपथ घ्यायला मुदतीपेक्षा काही दिवस उशीर झाला. मग सैनिक आले ते पाहुणे म्हणून. सुमारे बारा दिवस याच घरांत जेवले, झोपले. 13 फेब्रुवारी 1692 च्या पहाटे त्यांनी यजमानांपैकी 38 जणांना मारलं. पळालेले कित्येक बर्फात गारठून गेले. खाल्ल्या मिठाला जागावं, हे काही आपल्याकडेच मानतात असं नाही. विश्वासात घेऊन केलेला खून हा स्कॉटलंडच्या कायद्यात वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा होता.

लॉक नेसच्या काठावरचा अर्कर्ट किल्ला काळाच्या ओघात ढासळला, असं बघणाऱ्याला वाटतं. पण त्याच 1692 साली तो सोडून जाणाऱ्या सैन्याने दारू लावून त्याचा दरवाजा उडवला. शत्रूच्या हाती पडू नये, एवढाच हेतू.

पुढे 16 एप्रिल 1746 ला कलोडनची लढाई तासाभरात संपली आणि स्टुअर्ट पक्षही संपला. पुरुषांना डोंगरी पोशाख घालायला बंदी झाली. सवलत फक्त सरकारी पलटणींना. 1803 मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढलेल्या इंग्रजी सैन्यात अशा दोन हायलँडर पलटणी होत्या.

खरा घाव मात्र नंतरचा. कुळाचे प्रमुख हळूहळू नुसते जमीनदार झाले. माणसांपेक्षा मेंढ्यांपासून खंड जास्त मिळतो, हा हिशेब त्यांना पटला. सदरलँडमध्ये 1814 साली स्ट्रॅथनेव्हर दरीतली माणसं हुसकावली, घरं जाळली. कोणी समुद्रकाठी गेले, कोणी कॅनडाला. सगळेच हाकलले गेले असं मात्र नाही. काही आपणहून गेले, काही दुष्काळाने.

आणि 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तो डोंगरी पोशाख घालून मिरवला. या सोहळ्याची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटची. 1846 मध्ये बटाट्याचं पीक गेलं, हायलँड्समध्ये उपासमार सुरू झाली. त्याच वर्षी थॉमस कुकने स्कॉटलंडची आपली पहिली सहल नेली! म्हणजे माणसं बाहेर जात होती आणि प्रवासी आत येत होते.

मग सहलीला जाऊ नये का? जरूर जावं. सौंदर्य खोटं नाही. पण 'इथे कोणीच नाही' असं म्हणताना आपण नकळत 'इथे कधी कोणी नव्हतंच' असं मानून बसतो. पहिलं विधान डोळ्यांचं आहे. दुसरं इतिहासाचं आहे, आणि ते चुकीचं आहे. बस थांबली की तळ्याबरोबर गवतात बुडालेले दगडी चौथरेही शोधावेत. तिथे कोणाची तरी चूल होती.