भाडें देण्याची तयारी

घरमालकाकडून भाडेवाढीची चिठ्ठी आली म्हणजे भाडेकरूस बहुधा दोनच मार्ग सुचतात. मागितलेली रक्कम मुकाट्यानें मोजावी, नाहीं तर रागाच्या भरांत भाडेंच बंद करावें. पहिल्यानें महिन्याचा मेळ बिघडतो. दुसऱ्यानें पुष्कळदां बिऱ्हाडच रस्त्यावर येतें. वास्तविक मुंबईच्या कायद्यानें या दोहोंमधून एक तिसरी वाट काढून दिलेली आहे. परंतु ती अरुंद आहे, आणि चांगलीं शिकलेलीं माणसेंही तिच्यावर ठेंचाळलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

या वाटेच्या आरंभाकडे जावयाचें तर प्रथम स्कॉटलंड गांठावें लागतें. पहिलें महायुद्ध सुरू असतां ग्लासगो शहरीं जहाजांच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठीं कामकऱ्यांची रीघ लागली आणि घरमालकांनीं भाडीं चढविलीं. घरोघरचे पुरुष आघाडीवर. तेव्हां गोव्हन भागांतील मेरी बार्बर व तिच्यासारख्या गृहिणी पुढें सरसावल्या. वाढ द्यावयाची नाहीं, असा त्यांचा निश्चय. घर खालीं करविण्यास सरकारी माणूस आला कीं घंटा वाजे, आणि बायका हातचें काम टाकून पिठाच्या पुड्यांनीं त्याचें स्वागत करीत. १७ नोव्हेंबर १९१५ रोजीं कांहीं भाडेकरूंवरील खटले निघावयाचे होते. त्या दिवशीं हजारों कामकरी कारखाने सोडून न्यायालयापुढें जमले. खटले सोडून देण्यांत आले, आणि वर्ष संपण्यापूर्वींच पार्लमेंटनें लहान घरांचीं भाडीं ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर बांधून टाकलीं.

मुंबईंतही युद्धामुळें घरांची तीच ओढाताण झाली होती. १९१८ सालीं येथें भाडेनियंत्रणाचा कायदा होऊन १ जानेवारी १९१६ चें भाडें प्रमाण धरण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां निर्बंध आले व त्यांतूनच १९४७ चा कायदा जन्मास आला. यांत प्रमाण भाड्याची तारीख १ सप्टेंबर १९४० ही होती. प्रमाण भाडें व कायद्यानें मान्य केलेली वाढ यांहून अधिक मागणें बेकायदेशीर ठरलें. चुकून अधिक दिलें गेलेंच तर तें सहा महिन्यांच्या आंत परत मागण्याची किंवा पुढील भाड्यांत वळतें करण्याची सोय झाली. पावती न देणें हा गुन्हा झाला.

परंतु या कायद्याचा खरा जीव बाराव्या कलमांत होता. भाडेकरू कायदेशीर भाडें देण्यास तयार व राजी असेल तोंवर त्यास घराबाहेर काढतां येऊं नये, असें तें कलम सांगे. ही तयारी मनांत असून भागत नसे. थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून एका महिन्याच्या आंत स्मॉल कॉजेस कोर्टांत प्रमाण भाडें ठरवून मागण्याचा अर्ज करावा आणि कोर्ट ठरवील ती रक्कम भरीत जावें, तरच ती खरी मानली जाई. भाड्याविषयीं असा वाद उभा केला नाहीं, बाकी सहा महिन्यांची वा अधिक झाली, आणि नोटिशीनंतरचा महिनाही तसाच गेला, म्हणजे मात्र न्यायाधीशासही दया दाखविण्यास जागा उरत नसे.

आमच्या लहानपणीं गिरगांवांतल्या चाळींत हा धडा आम्हीं डोळ्यांनीं पाहिला. मालकानें भाडें वाढविलें व जुन्या दरानें घेण्याचें नाकारलें. वडील दरमहा जुनें भाडें मनिऑर्डरीनें धाडीत. ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येई, आणि तो कागद ते ट्रंकेंत जपून ठेवीत. आईस हा निव्वळ टपालखर्च वाटे. समोरच्या बिऱ्हाडींच्या गृहस्थांनींही वाढ नाकारली होती. पण त्यांनीं भाड्याचे पैसे कपाटांत साठविले, आणि नोटीस आली तेव्हां, आपली बाजू न्यायाची आहे, मग अर्ज कशाला, असें म्हणून ती बाजूस ठेविली. पैसा न् पैसा तयार असतां त्यांचें घर गेलें. वडिलांच्या ट्रंकेंतील कागद कोर्टांत कामास आले.

मालकांची बाजूही अगदींच पोकळ नव्हती. १९४० च्या भाड्यांत छपराचीं कौलेंही बदलतां येत नसत. सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं ही गोठवणूक काळाच्या ओघांत अन्यायाची झाल्याचें सांगितलें, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा नवा कायदा अंमलांत आला. त्यानें वर्षास चार टक्के वाढ मान्य केली. मालकास दावा लावण्यापूर्वीं थकबाकीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावें लागतें. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सारी बाकी शेंकडा पंधरा व्याजानें व दाव्याच्या खर्चासह भरल्यास घर वांचतें.

मात्र हें सारें जुन्या पद्धतीच्या भाडेकरूंपुरतें. आमच्या महाविद्यालयांतील एका तरुण सहकाऱ्यानें गेल्या वर्षीं भाडेवाढीची चिठ्ठी घेऊन आमचा सल्ला विचारला. त्याचा करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, अकरा महिन्यांचा. मुदतीच्या आंत ठरल्याहून अधिक मागण्याचा मालकास अधिकार नाहीं, एवढें आम्हीं त्यास सांगूं शकलों. मुदत संपल्यावर मालक सांगेल तो आंकडा मान्य करणें किंवा घर सोडणें. हटून राहिल्यास दुपटीनें भरपाई. त्यानें चिठ्ठी घडी करून खिशांत ठेविली, मुदतीचे उरलेले दोन महिने जुन्याच दरानें काढले, आणि मग तो बिऱ्हाड घेऊन डोंबिवलीस गेला.