पाऊस फसला की गरोदर बाईची तपासणी का चुकते?

जुन्नरच्या पूर्वेला, नगर-कल्याण महामार्गालगतचं राजुरी हे तसं कमी पावसाच्या पट्ट्यातलं गाव. पण कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर या भागात ऊस होतो आणि तो तोडायला कोरडवाहू भागांतून टोळ्या येतात. ज्यांच्या गावात पाऊस फसला, ते पाणी असलेल्या गावाकडे निघतात. हवामानाचा आणि बाळंतपणाचा संबंध इथे जुळतो.

हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. म्हणजे गरोदरपणाचा निम्म्याहून जास्त काळ कोपीत जाऊ शकतो. नाव नोंदलेलं गावच्या आशाताईंकडे, बाई मात्र परजिल्ह्यात. इथल्या यादीत ती नसतेच. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफी, सगळंच लांबतं. त्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. दवाखान्यात दिवस गेला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम लांबला तर उन्हाचा तडाखाही बसतो. तीव्र उष्णतेत वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो.

याचं भीषण टोक बीडमध्ये दिसलं. राज्य सरकारने 31 ऑक्टोबर 2018 रोजी 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्याच वर्षी ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. साधारण सहापैकी एक! पाळीत पाणी नाही, शौचालय नाही, जंतुसंसर्ग अंगावर काढलेला, वर खाड्याची धास्ती. पण दोष फक्त दुष्काळाला देणं म्हणजे नको ती शस्त्रक्रिया करणाऱ्यांना आणि मुकादमी पद्धतीला मोकळं सोडणं. नंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला अडचण उलटी, अतिपावसाची. 30 जुलै 2014 रोजी माळीणवर डोंगर कोसळून 150 हून अधिक माणसं गेली. दरड पडून घाटरस्ता बंद झाला की रुग्णवाहिकाही अडकते. म्हणून पावसाळ्यात तारीख जवळ आलेल्या बाईला आधीच रुग्णालयाजवळ हलवणं शहाणपणाचं.

तुमच्या शेतात टोळी उतरली असेल तर एवढं सांगा: माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा, ते दुसऱ्या जिल्ह्यातही दाखवता येतं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. कळा सुरू झाल्या तर 108 किंवा 102.