मोर कोठे बसला आहे?

काव्यातल्या मोराविषयी बोलायचे म्हटले की पिसाऱ्याचे रंग मोजण्याकडे वक्त्याचा कल असतो. निळा कंठ, डोक्यावरचा तुरा, मग मेघ, केका आणि नृत्य. हे सारे खरे आहे, सुंदरही आहे. पण कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हांला एक वेगळी खोड लागली आहे. कवितेत मोर दिसला की आम्ही आधी विचारतो, हा बसला आहे कोठे? मोर मूळचा रानातला, शेताच्या बांधावरचा पक्षी. त्याचा विणीचा हंगाम पावसाशी जुळलेला. म्हणून आभाळ भरून आले की तो ओरडतो, पिसारा फुलवतो. कुणब्याचे डोळे ज्या ढगाकडे लागलेले असतात, त्याच ढगाकडे याचेही. असे असून काव्यात तो वारंवार भेटतो तो श्रीमंताच्या अंगणात!

‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवरून मेघाला अलकेतल्या आपल्या घराची खूण सांगतो. (हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे आपले रामटेक, असे अनेक विद्वान मानतात.) दोन झाडांच्या मध्ये सोन्याची दांडी आहे, तिला स्फटिकाची बैठक, बुडाशी रत्ने जडवलेली. सायंकाळी मोर तेथे येऊन बसतो आणि यक्षाची पत्नी टाळ्या वाजवून, कंकणांच्या नादावर त्याला नाचवते. यक्ष त्याला मेघाचा मित्र म्हणतो. पण या मोराला नाचायला मेघाची गरज उरलेली नाही. कंकणांवर त्याचे भागते.

आता त्याच कालिदासाचा दुसरा मोर पाहा. आम्ही शाळेत संस्कृत शिकलो नाही. ‘रघुवंश’ वाचला तो मराठी भाषांतर शेजारी ठेवून, रात्रीच्या वेळी. सोळाव्या सर्गात आलो आणि पुस्तक मिटवेना. रामानंतर अयोध्या ओस पडली आहे. कुश दुसऱ्या नगरीत राज्य करतो आहे. मध्यरात्री त्याच्या शयनगृहात एक स्त्री उभी राहते. ती अयोध्येची अधिदेवता. ती आपल्या नगरीची दशा सांगू लागते आणि त्यात राजवाड्यातले पाळीव मोर येतात. बसायच्या दांड्या मोडल्या, म्हणून ते झाडांवर झोपतात. मृदंग थांबले, म्हणून त्यांचे नाचणेही थांबले. वणव्याच्या ठिणग्यांनी पिसारे जळून थोडेच उरले आहेत. खेळवलेले मोर पुन्हा रानमोर झाले. राज्य बुडाल्याचे वर्णन तटबंदीवरून कोणीही करील. ते मोडलेल्या दांडीवरून करायला कालिदासच हवा. अलकेतली दांडी एकदा मनात ठसली असेल, तर ही अधिकच लागते.

पुढे कुश अयोध्येत परततो, तेव्हा नगरी पुन्हा उभी कोण करते? राजाच्या आज्ञेने ‘शिल्पिसंघ’ कामाला लागतात. हा शब्द कालिदासाचा आहे, आमच्या पदरचा नाही! आणि उपमा कोणती? उन्हाळ्याने करपलेल्या धरणीला मेघांनी पाणी देऊन नवी करावी, तशी या कारागिरांनी नगरी नवी केली. ज्या मेघाची मोर वाट पाहतो, त्या मेघाच्या जागी कवीने कारागीर बसवले. या श्लोकाकडे रसिकांचे जावे तितके लक्ष गेले नाही, असे आम्हांला वाटते.

राजवाड्यात मोराची आणखी एक जागा होती, ती मुदपाकखान्यात. कवी तिकडे फारसे फिरकत नाहीत. अशोकाने मात्र इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ते दगडावर कोरून ठेवले. त्याचा पहिला शिलालेख गिरनारला आजही आहे. पूर्वी आपल्या पाकशाळेत रोज लक्षावधी जीव मारले जात. आता तीनच मारतात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तो सांगतो. हरणाला अधूनमधून सुट्टी होती, मोरांना तेवढीही नव्हती!

मराठीत आल्यावर मोर दांडीवरून उतरतो. ज्ञानेश्वरांना पिसाऱ्याची भूल पडली नाही. ‘ज्ञानेश्वरी’च्या तेराव्या अध्यायात, अवघी शास्त्रे जाणून आत्मज्ञानाला मुकलेल्या माणसाला ते मोराच्या पिसांची उपमा देतात: अंगभर डोळे, पण त्यांत दृष्टी नाही. बिनशिक्याचे शिक्षण घेतलेल्या आमच्यासारख्याला ही उपमा सुखावते हे कबूल. तरी ती आमच्यावरही उलटू शकते, हेही ध्यानात आहे.

मोरोपंत (1729–1794) तर स्वतःलाच मयूर म्हणवीत. बारामतीच्या नाइकांचा त्यांना आश्रय होता, म्हणजे दांडी होतीच. पण अखेरीची आर्त हाक त्यांनी देवाला घातली आणि तिला ‘केकावली’ हे नाव दिले. केका म्हणजे मोराचा टाहो.

आणि ज्याला ना वाडा ना आश्रयदाता, असा एक गवई आपल्या गावोगाव पहाटे येत असे. टाळ-चिपळ्या वाजवीत, दारोदार दान मागत गाणारा वासुदेव. त्याच्या उंच टोपीवर मोरपिसेच असत.