नागरी रुग्णवाहिका सेवा आणि प्रत्यायन : पिट्सबर्गच्या इतिहासाच्या आधारे एक विचार

नगरपालिकेच्या ज्या सेवा नागरिक रोज वापरतो त्यांची पारख त्याची त्याला करता येते. नळाला पाणी आले की नाही, रस्त्यावरचा दिवा लागला की नाही, हे कळण्यास तज्ज्ञाची साक्ष लागत नाही. रुग्णवाहिकेची गोष्ट निराळी आहे. ती बोलावणारा भांबावलेला असतो. जिच्यासाठी ती बोलवावयाची ती व्यक्ती पुष्कळदा शुद्धीवर नसते. आणि आलेल्या माणसांनी योग्य तेच केले की नाही हे ठरविण्याचे ज्ञान दोघांपाशीही नसते. अशा सेवेच्या गुणवत्तेची साक्ष कोणी द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय. अमेरिकेतील, विशेषतः पिट्सबर्ग नगरातील, रुग्णवाहिकांच्या इतिहासाच्या आधारे त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच तीन संज्ञा वेगळ्या केल्या पाहिजेत. परवाना शासन देते. किमान अटी पुऱ्या झाल्याने अमुक काम करण्यास मनाई नाही, एवढाच त्याचा आशय. प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते. तिने विशिष्ट शिक्षण घेतले व ती परीक्षेस उतरली, असे ते सांगते. प्रत्यायन मात्र संस्थेचे होते. संस्थेचा समग्र कारभार जाहीर मानकांशी ताडून पाहून बाहेरच्या परीक्षकांनी ठराविक मुदतीपुरती दिलेली ती साक्ष असते. प्रत्यायन म्हणजे प्रत्यय आणून देणे. त्यासाठी रूढ असलेला इंग्रजी शब्दही ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच आला आहे. परवाना अनुमती देतो, प्रत्यायन खात्री देते. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे.

‘अ‍ॅम्ब्युलन्स’ या शब्दाचा अर्थसंकोचही येथे उद्बोधक ठरतो. त्याच्या मुळाशी ‘चालते रुग्णालय’ या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग आहे. १७९० नंतरच्या दशकात फ्रेंच सैन्यातील शल्यवैद्य लारे यांनी ‘उडत्या’ रुग्णवाहिका रणभूमीवर नेल्या, तेव्हा गाडीबरोबर उपचार जाणे हेच त्या योजनेचे मर्म होते. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने १८६९ साली सुरू केलेल्या नागरी सेवेतही गाडीबरोबर वैद्य जात असे. दुसऱ्या महायुद्धात वैद्यांची उणीव भासू लागल्यावर अनेक नगरांतून ही प्रथा मागे पडली. शब्द टिकला, त्यातील रुग्णालय लोपले आणि गाडी तेवढी उरली.

या स्थितीची दखल अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ च्या अहवालात घेतली. १९६५ या एका वर्षात त्या देशात अपघातांनी १,०७,००० माणसे मृत्यू पावली होती. देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा १२,००० अंत्यविधी-व्यावसायिकांच्या हाती होती. कारण माणसाला आडवे निजवून नेता येईल अशी वाहने त्यांच्यापाशीच होती. मृतासाठी सोयीचे ते जखमीसाठीही पुरेसे, असा समाजाचा अलिखित निर्णय होता म्हणा ना. त्याच वर्षी महामार्ग सुरक्षा कायदा संमत झाला व मानके ठरविण्याच्या कामात संघशासन उतरले.

पिट्सबर्गमध्ये तेव्हा रुग्णास रुग्णालयात पोचविण्याचे काम बव्हंशी पोलिसांच्या गाड्या करीत. वाटेत त्याच्याकडे पाहण्यास मागे कोणी बसलेले नसे. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर गाडी येण्याचाच भरवसा नव्हता. १९६७ साली येथे ‘फ्रीडम हाउस’ ही सेवा उभी राहिली. कृत्रिम श्वसनाच्या पद्धतीवर मूलगामी संशोधन करणारे डॉ. पीटर साफर यांनी तिचा आराखडा केला. फाल्क निधीचे फिलिप हॅलन यांनी तिला आर्थिक व संघटनात्मक आधार मिळवून दिला. ज्यांना काम मिळत नव्हते अशा त्या वस्तीतील तरुणांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण देण्यात आले. श्वसनमार्ग मोकळा ठेवणे, हृदयक्रिया चालू ठेवणे, रुग्णाची स्थिती रुग्णालयास कळविणे ही कामे ते रस्त्यावर व धावत्या गाडीत करू लागले. १९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलिन त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या. रुग्णवाहिका-कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय पाठ्यक्रम तयार करण्याचे काम परिवहन विभागाने त्यांच्याकडे दिले, आणि तो पाठ्यक्रम याच कर्मचाऱ्यांच्या अनुभवावर पारखला गेला.

तथापि १९७५ मध्ये नगरशासनाने स्वतःची सेवा सुरू केली व फ्रीडम हाउसचा करार संपुष्टात आला. तेथील कर्मचाऱ्यांना नव्या सेवेत घेण्यात आले खरे. पण नव्या परीक्षा, नव्या अटी आणि दुय्यम कामे यांमुळे त्यांतील अनेकांना बाहेर पडावे लागले. जॉन मून यांच्यासारखे काही टिकले. ते पुढे त्याच नागरी सेवेचे सहायक प्रमुख झाले. ज्यांच्या कामातून देशाचे प्रशिक्षणमाप घडले, त्यांपैकी बहुतेकांना आपल्याच नगरात परीक्षेच्या उंबरठ्यावर अडविण्यात आले, ही या इतिहासातील सर्वांत बोचरी गोष्ट होय.

या घटनेत आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. फ्रीडम हाउसपाशी गुणवत्ता होती. उणीव होती ती त्या गुणवत्तेच्या स्वतंत्र साक्षीची. संस्थेचा कारभार कोणत्या मानकांवर तपासावयाचा, तपासणी कोणी करावयाची आणि निर्णयाची कारणे कोणास द्यावयाची, याची व्यवस्थाच नव्हती. सेवा चालविणारा, तिला पैसा देणारा आणि तिची परीक्षा घेणारा एकच असला म्हणजे परीक्षा हे मोजण्याचे साधन न राहता वगळण्याचे साधन होऊ शकते. प्रत्यायनाने फ्रीडम हाउस वाचली असती असा दावा कोणी करू नये. वर्णभेदावर कागदी उपाय नाही. परंतु निर्णय घेणाऱ्यास लेखी पुराव्याला सामोरे जावे लागले असते, एवढे निश्चित.

अशी व्यवस्था हळूहळू घडली. १९७० मध्ये कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. म्हणजे प्रथम व्यक्तीचे प्रमाणपत्र आले. १९७३ च्या कायद्याने प्रादेशिक आपत्कालीन सेवांना संघशासनाचे अनुदान मिळू लागले. १९८१ मध्ये ते राज्यांच्या एकत्रित अनुदानात विलीन झाले. १९९० साली रुग्णवाहिका-व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने सेवा-प्रत्यायनाचा स्वतंत्र आयोग स्थापन झाला. संस्थेने प्रथम आत्मपरीक्षण करावयाचे, मग बाहेरच्या परीक्षकांनी दप्तर व प्रत्यक्ष काम पाहावयाचे, आणि तीन वर्षांची मान्यता द्यावयाची किंवा नाकारावयाची, असा त्याचा क्रम आहे. व्यवस्थापन, हिशेब, कर्मचारी, वैद्यकीय उपचार, वाहने व उपकरणे, संदेशवहन ही सारी अंगे तीत येतात.

यापासून होणारे लाभ त्रिविध आहेत. नागरिकाला, स्वतः पारखता न येणाऱ्या सेवेची पारख दुसऱ्या कोणी केली आहे, हा आधार मिळतो. नगरशासनाला अंदाजपत्रकात मागणी करताना ‘आमची सेवा चांगली आहे’ या विधानाऐवजी उणिवांची नेमकी यादी पुढे ठेवता येते. कर्मचाऱ्याला आपले काम अधिकाऱ्याच्या मर्जीवर नव्हे, तर जाहीर मानकावर जोखले जाईल, असे संरक्षण लाभते. हा तिसरा लाभ सहसा कोणी सांगत नाही. पिट्सबर्गचा इतिहास वाचल्यावर तोच पहिला वाटू लागतो.

मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. हे प्रत्यायन ऐच्छिक आहे. जिला त्याची सर्वांत अधिक गरज ती दुर्बल सेवा खर्चाच्या भयाने त्याच्या वाटेस जात नाही. शिवाय मोजण्यास सोपे तेच महत्त्वाचे मानण्याचा धोका आहेच. सिॲटलच्या परिसरातील हृदयक्रिया थांबलेल्या रुग्णांच्या १९७९ मधील अभ्यासात ४ मिनिटांत प्राथमिक व ८ मिनिटांत प्रगत उपचार मिळालेले रुग्ण अधिक संख्येने वाचल्याचे दिसले. पुढे त्यातील ८ मिनिटांचा आकडा अनेक ठिकाणी सर्वच तातडीच्या प्रसंगांना लावला गेला. गाडी किती मिनिटांत पोचली हे घड्याळ सांगते. पोचल्यावर काय केले हे ते सांगत नाही.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची राज्यव्यापी सेवा २०१४ मध्ये सुरू झाली; शिवाय महापालिकांच्या, रुग्णालयांच्या व खाजगी गाड्या आहेतच. आपल्याकडील चर्चा बहुधा गाड्यांच्या संख्येपाशी थांबते. ‘रुग्णवाहिका’ हा आपला शब्दही वाहून नेण्यावरच भर देतो. शब्द बदलण्याचे कारण नाही. पण त्या शब्दातून गळालेले ‘चालते रुग्णालय’ पुन्हा त्यात आणावयाचे, तर गाड्या मोजण्याबरोबर सेवा पारखण्याची, आणि ती पारख सेवा चालविणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी करण्याची, व्यवस्था आपल्यालाही विचारात घ्यावी लागेल.