सामूहिक मत्स्यालय (गोडे पाणी)

सामूहिक मत्स्यालय म्हणजे एकाच टाकीत दोन किंवा अधिक जातींचे मासे एकत्र पाळण्याची पद्धत होय. एकाच जातीसाठी राखलेल्या टाकीहून आणि एखाद्या विशिष्ट नदीचा वा सरोवराचा अधिवास उभा करणाऱ्या टाकीहून ही पद्धत वेगळी आहे. गोड्या पाण्याचे सामूहिक मत्स्यालय हा घरगुती मत्स्यालयाचा अतिशय प्रचलित प्रकार आहे. त्यातील मासे निसर्गात बहुधा एकमेकांच्या सान्निध्यात येत नाहीत. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील टेट्रा, मध्य अमेरिकेतील प्लेटी, थायलंडमधील फायटर आणि भारतीय उपखंडातील गुरामी येथे शेजारी शेजारी ठेवले जातात. त्यामुळे कोणत्या जाती एकत्र राहू शकतील, हा अशा मत्स्यालयाचा मूलभूत प्रश्न ठरतो. या गुणधर्मास माशांची सुसंगती असे म्हणतात. पाण्याचे गुणधर्म, तापमान, पूर्ण वाढीचा आकार, स्वभाव, समूहाची गरज आणि वावराचा स्तर या सहा बाबींवर ती अवलंबून असते. यांपैकी एखादी बाब मुळातच विसंगत असेल, तर इतर बाबी जुळूनही त्या जाती दीर्घकाळ एकत्र राहू शकत नाहीत.

इतिहास

शोभेसाठी मासे पाळण्याची परंपरा जुनी आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) गोल्डफिशची पैदास केली जात असे. निरनिराळे सजीव एकाच बंदिस्त पाण्यात समतोल राखून जगू शकतात का, याचा शास्त्रीय विचार मात्र एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १८५० मध्ये प्रसिद्ध केला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यानंतर फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील 'द अ‍ॅक्वेरियम' या ग्रंथामुळे हा छंद लोकप्रिय झाला. विसाव्या शतकात विजेचे हीटर, हवेचे पंप आणि जलद वाहतूक उपलब्ध झाल्यावर उष्ण कटिबंधातील लहान मासे घरोघरी पोहोचले. आज सामूहिक मत्स्यालयात नेहमी दिसणाऱ्या निऑन टेट्राचे शास्त्रीय वर्णन १९३६ मध्ये झाले.

पाण्याचे गुणधर्म

पाण्याचा सामू आणि कठीणपणा हे दोन गुणधर्म प्रथम पाहावे लागतात. सामू ७ असल्यास पाणी उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर अल्कधर्मी असते. कठीणपणा मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येतो. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात कल्ल्यांवाटे सतत पाणी शिरत असते. ते बाहेर टाकणे आणि आवश्यक क्षार राखणे हे काम मूत्रपिंडे व कल्ले करतात. ज्या पाण्यात एखादी जाती उत्क्रांत झाली, त्याहून अगदी भिन्न पाण्यात या कार्यावर ताण पडतो, मासा अशक्त होतो आणि रोगांना बळी पडतो.

निऑन टेट्रासारख्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील जातींना सुफेन, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. मोली, प्लेटी आणि गप्पी यांना दुष्फेन, अल्कधर्मी पाणी हवे असते. आफ्रिकेतील मालावी सरोवराच्या सिक्लिड माशांना सुमारे ७.८ ते ८.६ सामू लागतो. अनेक पिढ्या टाक्यांमध्ये वाढवलेल्या माशांची सहनशक्ती काहीशी व्यापक असते. तरीही दोन टोकांच्या गरजा असलेल्या जातींसाठी मधले पाणी ठेवल्यास ते बहुधा दोघींनाही अपुरे ठरते.

या कारणास्तव आवडीचे मासे आधी आणून नंतर पाणी बदलण्यापेक्षा, उपलब्ध पाण्याला साजेसे मासे निवडणे अधिक सोपे व टिकाऊ असते. महाराष्ट्रात दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी दुष्फेन असते, तर धरणांतून येणारे नळाचे पाणी बऱ्याचदा त्या मानाने सुफेन असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना अपायकारक असल्यामुळे टाकीत भरण्यापूर्वी ते काढून टाकावे लागते.

तापमान

बहुसंख्य उष्णकटिबंधीय जाती २४ ते २६ अंश सेल्सियस तापमानात चांगल्या राहतात. डिस्कस माशाला २८ ते ३० अंश लागतात, तर गोल्डफिशला थंड पाणी मानवते. त्यामुळे गोल्डफिश आणि उष्णकटिबंधीय मासे एकाच टाकीत ठेवणे, हे वरवर निरुपद्रवी दिसणारे पण मुळात विसंगत संयोजन आहे. शिवाय गोल्डफिश मोठ्या प्रमाणावर विष्ठा व अमोनिया उत्सर्जित करतो.

पाणी जितके गरम तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. २० अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येते. उन्हाळ्यात वीज गेल्यावर पंप बंद पडून गर्दीच्या टाकीतील मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, त्याचे हे एक कारण आहे.

पूर्ण वाढीचा आकार

दुकानात विक्रीला असलेले मासे बहुधा ३ ते ५ सेंटीमीटर लांबीची पिल्ले असतात. त्यांचा त्या वेळचा आकार निवडीसाठी निरुपयोगी असतो. पुढील जाती पिल्लावस्थेत सामूहिक टाकीला साजेशा दिसतात, पण वाढल्यावर सामान्य घरगुती टाकीत मावत नाहीत:

• ऑस्कर: सुमारे ३० सेंटीमीटर, लहान मासे गिळतो.
• सकर (टेरिगोप्लिक्थिस प्रजाती): ४० सेंटीमीटर किंवा अधिक.
• बाला शार्क: सुमारे ३५ सेंटीमीटर, थव्याने राहतो.
• 'शार्क' या नावाने विकला जाणारा पंगस: एक मीटरहून अधिक वाढू शकतो. हाच मासा खाण्यासाठी शेततळ्यांत वाढवला जातो.

माशाच्या तोंडात जो प्राणी मावतो तो त्याचे भक्ष्य ठरण्याची शक्यता असते. एंजल फिश शांत भासतो. परंतु सुमारे १५ सेंटीमीटरपर्यंत वाढल्यावर तो ३ ते ४ सेंटीमीटरचे निऑन टेट्रा खाऊ शकतो. ही आक्रमकता नसून नैसर्गिक आहार आहे. दोन्ही जातींचा अधिवास अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात आहे.

टाकीचे आकारमान लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकारावरून काढतात. ६० × ३० × ३० सेंटीमीटरच्या टाकीत ५४ लिटर, तर ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरच्या टाकीत सुमारे १८२ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी याहून कमी भरते. अमुक लिटरला अमुक सेंटीमीटर लांबीचे मासे हा प्रचलित नियम दिशाभूल करणारा आहे. लांबी दुप्पट झाल्यावर समान बांध्याच्या माशाचे वजन सुमारे आठपट होते आणि त्याबरोबर उत्सर्जनही बरेच वाढते. त्यामुळे ३ सेंटीमीटरचे दहा टेट्रा आणि ३० सेंटीमीटरचा एक ऑस्कर यांचा पाण्यावरील भार समान नसतो.

स्वभाव व समूह

माशांमधील संघर्ष प्रामुख्याने क्षेत्र, प्रजनन आणि अन्न यांवरून होतो. सियामी फायटरचे दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांना गंभीर जखमी करतात. लांब, रंगीत शेपटीच्या नर गप्पीलाही फायटर प्रतिस्पर्धी समजू शकतो. एरवी शांत असणारी सिक्लिड मत्स्यांची जोडी अंडी घातल्यावर टाकीचा मोठा भाग अडवून बसते. गप्पी, मोली व प्लेटी या पिल्लांना जन्म देणाऱ्या माशांत नर सतत मादीचा पाठलाग करतात. म्हणून एका नरामागे दोन ते तीन माद्या ठेवल्यास मादीवरील ताण विभागला जातो.

टायगर बार्ब हा इतर माशांचे पर कुरतडणारा मासा म्हणून ओळखला जातो. एंजल फिश, गुरामी व फायटर यांचे लांब पर त्याचे सहज लक्ष्य होतात. तो दोन किंवा तीनच्या संख्येत ठेवल्यास ही सवय बळावते. आठ-दहांच्या समूहात पाठलाग बराचसा आपसांतच राहतो. तरीही लांब परांचे मासे त्याच्या टाकीत टाळले जातात.

थव्याने राहणे हे अनेक लहान जातींचे संरक्षण असते. निऑन टेट्रा किंवा झेब्रा दानियो एकेकटे ठेवल्यास भेदरून लपतात, रंग फिके पडतात आणि खाणे कमी होते. निऑन टेट्रा किमान आठ ते दहा, तर कोरीडोरस किमान सहा ठेवणे योग्य मानले जाते. प्रत्येक जातीचे एक-दोन मासे घेऊन दहा जाती जमवण्यापेक्षा दोन-तीन जातींचे पुरेसे समूह ठेवल्यास मासे निर्धास्त वावरतात.

वावराचा स्तर

माशाच्या तोंडाच्या रचनेवरून त्याचा स्तर ओळखता येतो. वर वळलेल्या तोंडाचे मासे पृष्ठभागावरील अन्न टिपतात, समोर तोंड असलेले मधल्या पाण्यात वावरतात आणि खाली तोंड असलेले तळाशी अन्न शोधतात. हॅचेट फिश वरच्या, टेट्रा व बहुतेक बार्ब मधल्या आणि कोरीडोरस व कुहली लोच तळाच्या स्तरातील मासे आहेत. निरनिराळ्या स्तरांतील जाती निवडल्यास जागेची व अन्नाची स्पर्धा घटते. कोरीडोरस आपल्या नाजूक मिशांनी तळ धुंडाळतो. म्हणून त्याला टोकदार खड्यांऐवजी बारीक वाळू लागते.

सुसंगत संयोजने

• सुफेन पाणी, सुमारे १०० लिटर, २४ ते २६ अंश: दहा-बारा निऑन टेट्रा, सहा कोरीडोरस आणि हनी गुरामीची एक जोडी.
• दुष्फेन पाणी, सुमारे १०० लिटर, २४ ते २६ अंश: एक नर व दोन-तीन माद्या या प्रमाणात प्लेटी आणि गप्पी. पिल्लांची संख्या झपाट्याने वाढत असल्यामुळे काही जण केवळ नरच ठेवतात.
• किंचित थंड पाणी, सुमारे २० ते २२ अंश: झेब्रा दानियो आणि चीनमधील व्हाइट क्लाउड माउंटन मिनो यांचे स्वतंत्र समूह.

मासे सोडण्याचा क्रम

माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात विषारी अमोनिया साचतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि इतर जिवाणू नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीच्या फिल्टरमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यापूर्वी सर्व मासे एकदम सोडल्यास अत्यंत सुसंगत जातीही दगावतात आणि दोष चुकीने माशांच्या स्वभावाला दिला जातो. पाण्याचा सामू व तापमान जास्त असल्यास अमोनियाचा विषारीपणा वाढतो.

नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यास पांढऱ्या ठिपक्यांसारखा संसर्गजन्य रोग मुख्य टाकीत येण्याचा धोका कमी होतो. त्यानंतर बुजरे मासे आधी आणि क्षेत्र राखणारे मासे शेवटी सोडतात, जेणेकरून आधीच्या माशाने संपूर्ण टाकीवर हक्क सांगितलेला नसतो.

प्रचलित गैरसमज

मासा टाकीच्या आकाराएवढाच वाढतो, हा समज चुकीचा आहे. अपुऱ्या जागेत व दूषित पाण्यात वाढ खुंटते, परंतु ते अनारोग्याचे लक्षण असून त्यामुळे आयुष्य घटते. सकर मासा टाकी स्वच्छ ठेवतो हा समजही अपुरा आहे. तो शेवाळ खातो, पण त्याला स्वतंत्र खाद्य द्यावे लागते आणि मोठा झाल्यावर तोच टाकीतील घाणीचा मोठा स्रोत बनतो. गोल काचेचे लहान भांडे फायटरला पुरते हा समज, तो पृष्ठभागावरील हवा श्वासात घेऊ शकतो यावरून रूढ झाला आहे. मात्र अमोनियापासून त्याला या क्षमतेमुळे संरक्षण मिळत नाही.

पर्यावरणीय परिणाम

विसंगत निवडीचे परिणाम टाकीपुरते मर्यादित राहत नाहीत. टाकीत न मावणारे किंवा इतरांना मारणारे मासे अनेकदा नदीत, तलावात वा विहिरीत सोडले जातात. मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा अशा मार्गाने भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे. तो काठाच्या मातीत बिळे करतो, स्थानिक माशांशी अन्नासाठी स्पर्धा करतो आणि त्याच्या काटेरी परांमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. यामुळे नको असलेला मासा दुकानदाराला परत करणे किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवणे हाच योग्य मार्ग मानला जातो.

दुसरा प्रश्न निसर्गातून पकडलेल्या माशांचा आहे. केरळ व कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या नद्यांत आढळणारा डेनिसन बार्ब, म्हणजेच 'मिस केरळ' (सह्याद्रिया डेनिसोनी), शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी मोठ्या प्रमाणावर पकडला गेला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त जाती अशी आहे. आता त्याची बंदिस्त पैदास होते. तो थव्याने पोहणारा, स्वच्छ व प्राणवायूयुक्त प्रवाह लागणारा आणि १० सेंटीमीटरहून अधिक वाढणारा मासा असल्यामुळे लहान सामूहिक टाकीसाठी योग्य नाही. मोठ्या टाकीत तो ठेवायचा असल्यास बंदिस्त पैदाशीतील मासे निवडल्यास नैसर्गिक संख्येवरील ताण टळतो.